दोन रंगांतली अ‍ॅना मे वाँग

(दृश्य : 'द टोल ऑफ द सी'. बागेत उभी असलेली लोटस फ्लॉवर.)

साल 1922. पडद्यावरची ही मुलगी म्हणजे चिनी वंशाची अमेरिकन नटी अ‍ॅना मे वाँग. ती सतरा वर्षांची आहे आणि चित्रपटाची नायिका आहे. तिच्या ओठांचा लाल पाहा, मागच्या झाडांचा हिरवा पाहा. हे रंग मागाहून हाताने भरलेले नाहीत. टेक्निकलर या कंपनीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक लोलक असायचा. तो आत आलेला प्रकाश दुभंगायचा. अर्धा लाल काचेतून जायचा, अर्धा हिरव्या, आणि एकाच क्षणाच्या दोन चौकटी एकाच फिल्मवर उमटायच्या. पुढे त्यांच्या दोन पातळ फिती करून, वेगवेगळ्या रंगवून पाठीला पाठ चिकटवायच्या. प्रोजेक्टरच्या उष्णतेने ही जोडफीत वाकायची. निळा रंग तर या पद्धतीत नीट यायचाच नाही, म्हणून इथला समुद्र हिरवट आहे.

(दृश्य : रडतानाचा क्लोजअप.)

आता फक्त चेहरा पाहा. मूकपटांच्या त्या काळात छाती पिटून घेणारे नट कितीतरी होते. ही तसं काहीच करत नाही. तिच्या अभिनयात नाटकीपणाचा अतिरेक नाही, हे तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही नोंदवलं होतं.

(दृश्य : समुद्र.)

गोष्टीत अमेरिकन नवरा तिला सोडून जातो. ती आपलं मूल देऊन टाकते आणि समुद्रात शिरते. चित्रपटाची शेवटची दोन रिळं हरवली. ती भरून काढण्यासाठी 1985 मध्ये एक जुनाच दोनरंगी कॅमेरा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नेला गेला. समोर दिसतोय तो समुद्र तेव्हाचा आहे.

(दृश्य : लॉस एंजेलिस. धोबीखान्याची छायाचित्रं.)

तिचं जन्मनाव वाँग लिऊ त्सोंग. जन्म 3 जानेवारी 1905, लॉस एंजेलिस. आईवडीलही अमेरिकेतच जन्मलेले. वडिलांचा धोबीखाना होता. गल्लीत शूटिंग लागलं की ही पोर शाळा बुडवून तिथे हजर असायची. 1919 मध्ये पहिलं काम मिळालं. गर्दीत कंदील धरून उभं राहायचं होतं.

(दृश्य : 1924 चं ओळखपत्र. तिचा फोटो.)

या कागदावर थोडं थांबू या. त्याच वर्षी 'द थीफ ऑफ बगदाद'मुळे तिचं नाव सगळीकडे झालं. पण 1882 पासून चिनी मजुरांना अमेरिकेची दारं कायद्यानेच बंद होती. त्यामुळे तिथेच जन्मलेल्या या नटीलाही देशाबाहेर जाण्याआधी आपण इथल्याच आहोत, हे अर्ज भरून पटवावं लागे.

(दृश्य : 'पिकॅडिली'. भांडी घासण्याच्या खोलीतला नाच.)

1928 मध्ये ती युरोपला गेली. बर्लिनमध्ये जर्मन शिकली, लंडनमध्ये हा चित्रपट केला. क्लबच्या मोरीत भांडी घासणारी शोशो टेबलावर चढून नाचते. बाकीच्या बायका हातातलं काम टाकून बघत उभ्या आहेत. खांदे किती सावकाश हलतात! पुढे क्लबचा मालक हिलाच रंगमंचावर आणतो, आणि शेवटी तिचा खून होतो. तिच्या वाट्याला असेच शेवट यायचे. पडद्यावरचा चिनी माणूस नेहमी खलनायकच का, असं तिने 1933 मध्ये मुलाखतीत उघडपणे विचारलं.

(दृश्य : 'शांघाय एक्स्प्रेस'. रेल्वेचा डबा. समोरासमोर मार्लीन डीट्रिश आणि अ‍ॅना मे.)

1932. इथे संवाद फारसे नाहीत. एक पत्ते मांडते, दुसरी ग्रामोफोन लावते, आणि तरी नजर अ‍ॅना मेकडेच जाते.

(दृश्य : 'द गुड अर्थ'चं पोस्टर.)

1937. चिनी शेतकरी कुटुंबाची कथा. नायक पॉल मुनी, नायिका लुइसा रायनर, दोघेही गोरे. हॉलिवूडच्या नियमावलीला पडद्यावर गोऱ्या आणि बिगरगोऱ्यांचा प्रणय चालत नसे. नायक गोरा ठरला, की अ‍ॅना मेला ही भूमिका मिळणं अशक्यच होतं. रायनरला ऑस्कर मिळालं.

(दृश्य : 1936, चीन.)

हे चित्रीकरण तिने स्वतः करवून घेतलं. कॅमेऱ्यामागे आहेत वृत्तपटांचे प्रसिद्ध छायाचित्रकार एच. एस. वाँग. शांघायचे रस्ते, आणि मग वडिलांचं मूळ गाव. वडील तेव्हा तिथे परतले होते. या प्रवासात तिला कुणी संवाद लिहून दिलेले नाहीत.

(दृश्य : 'डॉटर ऑफ शांघाय'.)

परतल्यावर, 1937 मध्येच, हा चित्रपट आला. वडिलांच्या मारेकऱ्यांचा छडा लावणारी लान यिंग आणि तिच्यासोबत सरकारी गुप्तहेर. तो झालाय फिलिप आन, कोरियन वंशाचा अमेरिकन नट. नायिका आणि नायक, दोघंही आशियाई वंशाचे. या वेळी ती मरत नाही आणि शेवटी नायक तिला लग्नाची मागणी घालतो.

(दृश्य : छायाचित्रं, वेगाने.)

1951 मध्ये ड्यूमाँट वाहिनीवर तिची स्वतःची मालिका आली. अमेरिकन दूरचित्रवाणीवर आशियाई वंशाच्या कलाकाराला मध्यवर्ती भूमिका पहिल्यांदा मिळाली ती याच मालिकेत, पण तिचा एकही भाग आज उपलब्ध नाही. 3 फेब्रुवारी 1961 ला हृदयविकाराने तिचं निधन झालं. 2022 मध्ये पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा आला.

(दृश्य : पुन्हा 'डॉटर ऑफ शांघाय', नामावली.)

2006 मध्ये 'डॉटर ऑफ शांघाय'ची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, निवड झाली. जेमतेम तासाभराचा आहे. आज रात्रीच बघा.