बॅरलच्या झाकणावरचा पसारा

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘दहा बाय दहाच्या खोलीची मांडणी’. तिथे यायचंच आहे, पण आधी एक प्रश्न. आत्ता या घडीला तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पाण्याच्या बॅरलच्या झाकणावर काहीतरी ठेवलेलं आहे? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! उरलेल्यांनी घरी गेल्यावर एकदा बघून घ्या.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवण ही आपल्या घराची पहिली गरज. २०० लिटरचं बॅरल दोन फूट बाय दोन फूट जागा घेतं आणि उंचीला जवळपास ओट्याइतकं येतं. म्हणजे आयतं टेबलच. त्यावर डबा येतो, डब्यावर ताट, ताटात कोथिंबीर. मग कळशीभर पाण्यासाठी ते सगळं खाली उतरवायचं, आणि उतरवलेलं खालीच राहतं. पसारा होतो तो इथे. यात घरातल्या बाईचा आळस शोधू नका. वस्तू काढताना नड असते, म्हणून माणूस चार गोष्टी बाजूला करतो. परत ठेवताना नड संपलेली असते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: काढायला एक वेळ कष्ट पडले तरी चालतील, ठेवायला पडता कामा नयेत.

म्हणून बॅरलला खालून नळ बसवा. तळापासून चार इंच वर, म्हणजे गाळ खालीच राहतो. अर्ध्या इंची टँक निपलला, म्हणजे बॅरलच्या भिंतीतून नळ जोडणाऱ्या आटेदार तुकड्याला, साधारण २२ मिलिमीटरचं भोक लागतं. ते ड्रिलनेच पाडा. तापवलेली सळई खुपसली की प्लास्टिकची कड वितळून वर येते, त्यावर वॉशर सपाट बसत नाही आणि नळ ठिबकत राहतो. रबरी वॉशर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे हवा. खाली बादली बसेल एवढं उंच स्टँड घ्या, पण ते लोखंडी आणि भक्कम. भरलेल्या बॅरलचं वजन २०० किलोच्या वर जातं. झाकणापासून फूटभर जागा सोडून भिंतीला फळी ठोका. झाकणावरचा संसार त्या फळीवर जाईल. आठवड्याला बॅरल रिकामं करून आतून घासायचं, त्या दिवशीही झाकण मोकळं सापडतं. हा कोरडा दिवस चुकवू नका. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि झाकणावर सामान असलं की हमखास धुणं पुढे ढकललं जातं.

आता चादरी. चादरींच्या गावात हे सांगायला हवं, कारण आपल्या कपाटांत सगळ्यात जास्त जागा त्याच घेतात. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात म्हणून बारा महिने वीस-वीस चादरींची चळत! माणशी दोन, एक अंगावर, एक धुण्यात, आणि पाहुण्यांच्या चार. चौघांच्या घरात बारा झाल्या. आपली हवा कोरडी, उन्हात टाकलेली चादर संध्याकाळपर्यंत वाळते. यापेक्षा जास्त लागत नाहीत.

चळत मात्र मोडाच. खालची चादर ओढली की वरच्या पाच कलंडतात, म्हणून सगळे वरचीच वापरतात आणि तळच्या वर्षानुवर्षं कुबट होतात. पाच फूट बाय साडेसात फुटांची एकेरी चादर घ्या. रुंदीत दोनदा दुमडा, पंधरा इंच झाली. लांबीत आधी तीन घड्या, मग एकदा निम्मी, इथेही पंधरा. ही चौकोनी घडी दोन-अडीच इंच जाड होते. ती आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवायची, बंद कड बाहेर. तीन फुटी कपाटात बारा चादरी नीट उभ्या राहतात. कप्प्याची उंची सोळा-सतरा इंच हवी, कमी पडली तर फळी एक खाच वर घ्या. गच्च कोंबू नका, हात आत जाईल एवढी जागा ठेवा. आणि डांबर गोळ्यांसोबत कापूर ठेवू नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि कापडावर डाग पडतात.

माळ्याबद्दल एकच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, स्लॅबखालचा माळा त्याहून तापतो. औषधं, फोटो, मेणबत्त्या तिथे नकोत. पुठ्ठ्याचे खोके तर नकोतच, वाळवी आणि झुरळं दोन्ही तिथूनच सुरू होतात. सामानाची एकच रांग लावा. मागच्या रांगेतली वस्तू घरात असून नसल्यासारखी.

दहाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. तर दहा बाय दहाची खोली, भराभर.

आधी काढून टाकणं, मग मोजणं, खरेदी सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो, आधी डबे आणतो. सगळं घर एकदम उपसू नका. एका वेळी एक कप्पा, पाऊण तास. तीन ढीग करा: इथलंच, दुसरीकडचं, जायचं. जायचा ढीग त्याच दिवशी रद्दीवाल्याकडे किंवा भंगारवाल्याकडे. दाराआड ठेवलेली पिशवी रात्रीत परत उघडली जाते.

दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत दोन फुटांचा पट्टा मोकळा सोडा, तिथे पायात येणारं काहीही नको. रोजच्या वस्तू गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत. दिवाणाच्या पोटात फक्त वर्षातून एकदोनदा लागणारं, कारण गादी उचलून कुणी रोज काही परत ठेवत नाही. दाराच्या मागे खुंट्या, पण आधी दार पूर्ण उघडतं का ते बघा.

आणि पेठांमधल्या जुन्या धाब्याच्या घरांत भिंतीवर फळ्या ठोकू नका. पांढऱ्या मातीच्या भिंतीत स्क्रू पकड घेत नाही, वजन पडलं की ढपला घेऊनच निघतो. तिथे जमिनीवर उभा राहणारा लोखंडी रॅक घ्या, आणि बॅरलवर फळी हवी असेल तर तो रॅक बॅरलच्या दोन्ही बाजूंनी पाय येतील एवढा रुंद करून घ्या.