ताम्रपट आणि चोवीस शब्द

(दृश्य : कसबा पेठ, तांबट आळी. सकाळची वेळ. हातोडीचे ठोके.)

निवेदन :

हा आवाज पुण्याला पेशवाईपासून ओळखीचा आहे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडते, पत्रा थोडा वाकतो, थोडा चमकतो, मग पुढचा ठोका. बंब, घंगाळं, कळशा. एके काळी घराघरात असलेल्या या वस्तू आता बऱ्याचदा दिवाणखान्यात शोभेला ठेवल्या जातात, पण ठोका तोच आहे.

पुण्याच्या नावाचा सगळ्यात जुना लेखी पुरावाही तांब्यावरच सापडतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातल्या ताम्रपटांत, इ.स. 758 आणि 768 मध्ये, ‘पुण्य विषय’ आणि ‘पूनक विषय’ असे उल्लेख येतात. विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा. ज्याला जमीन दान मिळाली, त्याच्या घरी तो पट राहायचा. राजे गेले, राजवटी गेल्या, ज्याने अक्षरं कोरली त्याचं नावही कुणाला आठवत नाही. अक्षरं मात्र आजही वाचता येतात.

या आळीत आम्ही आलो ते बिटकॉइनसाठी, म्हणजे फक्त संगणकावर असणाऱ्या चलनासाठी.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर आकड्यांची लांबलचक ओळ.)

अशी चलनं, म्हणजे क्रिप्टो, ‘वॉलेटमध्ये’ ठेवतात असं आपण म्हणतो. या शब्दाने फार घोटाळा केला आहे. वॉलेटमध्ये नाणं नसतंच. 3 जानेवारी 2009 रोजी सुरू झालेली बिटकॉइनची खातेवही जगभरातल्या हजारो संगणकांवर जशीच्या तशी उतरवलेली आहे. कोणत्या पत्त्यावर, म्हणजे खाते क्रमांकावर, किती शिल्लक आहे, हे त्या वहीत कुणीही पाहू शकतं. ती शिल्लक हलवायला मात्र किल्ली लागते, आणि वॉलेट जपतं ती ही किल्ली. किल्ली म्हणजे एक आकडा, 78 अंकांपर्यंत लांब. इतका लांब आकडा माणसाला चुकीशिवाय उतरवून घेता येत नाही, म्हणून 2013 मध्ये एक पद्धत ठरली : 2048 सोप्या इंग्रजी शब्दांची यादी घ्यायची आणि त्यातले 12 किंवा 24 शब्द ठरावीक क्रमाने लिहायचे. त्या शब्दांतून किल्ली पुन्हा तयार होते. याला सीड फ्रेज म्हणतात. ज्याच्या हातात हे शब्द, त्याची सगळी रक्कम. पासबुक नाही, सही नाही, शाखाधिकारी नाही.

ही यादी जपानी, कोरियन, स्पॅनिश अशा काही भाषांतही आहे, मराठीत नाही. म्हणून काही जण शब्द देवनागरीत उतरवून ठेवतात. तसं करू नका. ‘राइट’ असं लिहिलंत तर दहा वर्षांनी वाचणाऱ्याने काय समजायचं? उजवा किंवा बरोबर या अर्थाचा राइट त्या यादीत आहे आणि लिहिणे या अर्थाचा राइटही आहे. स्पेलिंग रोमन लिपीत, सुटं सुटं, ठळक अक्षरांत. आणि शेजारी क्रमांक.

(दृश्य : जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला.)

हा विषय माझ्या घरातून आला आहे.

माझ्या मामाने 2017 मध्ये थोडे बिटकॉइन घेतले. सावध माणूस होता. एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीकडे, न ठेवता त्याने ते स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेतले आणि चोवीस शब्द एका डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिले. कुणाला सांगितलं नाही. सांगणं म्हणजे धोका, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, तो गेला. त्या दिवाळीला मामीने कपाट आवरलं. डायरी चाळताना शेवटचं पान तिला दिसलं होतं. एक ते चोवीस क्रमांक, पुढे इंग्रजी शब्द. तिला वाटलं, कुणा मुलाची स्पेलिंगची यादी असेल. डायरी रद्दीत गेली.

पुढे मामाच्या जुन्या ईमेलमध्ये एक्सचेंजची पावती सापडली. ज्या पत्त्यावर बिटकॉइन पाठवले होते, तो पत्ता त्यात होता. आम्ही तो उघडून पाहिला. शिल्लक तशीच आहे. आजही आहे. कुणीही पाहू शकतं, आम्हीही पाहतो.

मामी एकदा म्हणाली, “मला नुसतं सांगितलं असतं ना, तर देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या डब्याखाली ठेवलं असतं. कुणी हात लावला नसता.”

मी या विषयावर जेवढं वाचलं, जेवढ्यांशी बोललो, त्यात नव्वद टक्के बोलणं चोराबद्दल होतं. चोर आहेच. पण वीस-तीस वर्षं ठेवायची गोष्ट असेल, तर त्याहून मोठा धोका आपणच आहोत : आपला विसर, आपलं मौन, आपलं अचानक जाणं.

(दृश्य : गणेशखिंड रस्ता, वाहनांची गर्दी.)

मग ‘हे एक्सचेंजवरच राहू द्यावं का’, असा प्रश्न येतोच. पुणेकरांना 2018 चा ऑगस्ट आठवत असेल. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी तीन दिवसांत 94 कोटी रुपये लांबवले. पण तो तोटा बँकेचा होता, खातेदारांची शिल्लक जागेवर राहिली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमाही असतो. क्रिप्टो एक्सचेंजवरच्या शिल्लकेला असा विमा नाही. टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्सचेंज फेब्रुवारी 2014 मध्ये कोसळलं तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या एक्सचेंजच्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची क्रिप्टो गेली आणि ग्राहकांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ अडकून राहिले. रोजच्या खरेदी-विक्रीपुरती रक्कम तिथे ठेवा. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेली ठेवू नका.

पुण्यात तर याहून बोलका प्रसंग घडला. 2018 मधल्या मोठ्या बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली होती. मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. तपासात हाती आलेल्या वॉलेटमधली क्रिप्टो वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. आपल्यापुरतं इतकं कळतं की किल्ली दुसऱ्याच्या नजरेखालून गेली, की ती आपली एकट्याची राहत नाही.

(दृश्य : कोथरूड. जुन्या सोसायटीतला फ्लॅट. टेबलावर बोटाएवढं यंत्र.)

आमच्या सोसायटीतले एक काका भोसरीला टूलरूममध्ये नोकरी करून निवृत्त झाले. हातात हजारांश मिलिमीटरची सवय. मुलीने आग्रह केला म्हणून त्यांनी थोडी रक्कम बिटकॉइनमध्ये घातली आणि एक हार्डवेअर वॉलेट मागवलं. पेनड्राइव्हसारखं दिसणारं हे यंत्र किल्ली स्वतःच्या आत तयार करतं आणि बाहेर जाऊ देत नाही. रक्कम पाठवताना किल्लीने व्यवहारावर सही करावी लागते. संगणकात व्हायरस असला तरी ती सही यंत्राच्या आतच होते. असं पहिलं यंत्र प्रागच्या कंपनीने 2014 मध्ये बाजारात आणलं, ट्रेझर नावाचं. आता अनेक आहेत.

काकांनी ते थेट उत्पादकाकडून मागवलं, कुणाचं वापरलेलं घेतलं नाही. खोक्यात आधीच छापलेले शब्द निघाले, तर समजायचं की ते शब्द आणखी कुणाकडे तरी आहेत. शब्द यंत्राने तुमच्या समोर, त्याच्याच पडद्यावर दाखवायला हवेत. आणि ते फोटोत घ्यायचे नाहीत. फोटो आपोआप क्लाउडवर चढतो, आणि गॅलरीतल्या फोटोंमधली अक्षरं वाचून असे शब्द हुडकणारे व्हायरस 2025 मध्ये फोनच्या अ‍ॅपमध्ये सापडले आहेत.

यंत्र बिघडेल. बॅटरी जाईल, कंपनी बंद पडेल. त्याचं फार दुःख नाही, शब्द असले की दुसऱ्या कंपनीच्या यंत्रातही किल्ली परत येते. म्हणजे जपायचे ते शब्द.

कागदावर? 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्या पुराची गोष्ट सांगताना जुनी माणसं भांड्यांच्या आधी कागदांचं नाव घेतात. खरेदीखतं, दाखले, लग्नातले फोटो. पूर नको, साधी वाळवी पुरते. बॉलपेनची शाई पंधरा पावसाळ्यांत किती फिकी पडते ते कुठलंही जुनं रेशनकार्ड उघडून पाहा.

(दृश्य : रविवार पेठ, बोहरी आळी. हार्डवेअरची दुकानं.)

म्हणून काका बोहरी आळीत गेले आणि लेटर पंचचा एक सेट घेऊन आले. सव्वीस अक्षरं, प्रत्येकाचा एक पोलादी खिळा, टोकाला उलटं अक्षर. तांबट आळीतून तांब्याचा एक तुकडा आणला आणि ओळखीच्या वर्कशॉपमधून दीड मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस स्टीलचे दोन पत्रे. तांबं 1085 अंशांना वितळतं, हे पोलाद साधारण 1400 अंशांच्या आसपास. घराच्या आगीत तांबं बहुधा टिकेल, पोलाद नक्की टिकेल. मला तांबं हवं होतं, ताम्रपटाच्या ओढीने. काकांनी ऐकलं नाही, आणि बरोबर केलं.

सराव मात्र तांब्यावर झाला. काकांनी नातीचं नाव ठोकलं. पंच सरळ धरायचा, करंगळी पत्र्यावर टेकवायची आणि एकच ठोका. दुसरा ठोका मारला की अक्षराला सावली पडते. पहिल्या ओळीत दोन अक्षरं तिरकी आली. तिसऱ्या ओळीपासून ठोका बसला. खाली लाकूड नव्हतं, ऐरण होती. कारण विचारलं तर काका म्हणाले, “लाकडावर ठसा उमटतो. मग पत्रा लपवून काय उपयोग, पाटच वाचतील.”

पूर्ण शब्द ठोकायचीही गरज नाही. त्या यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. चोवीस शब्द म्हणजे फार तर 96 अक्षरं. एका पत्र्याला काकांना एक दुपार लागली. ती दुपार या फिल्ममध्ये नाही. आम्ही कॅमेरा बंद करून जिन्यात बसलो होतो, ठोके ऐकत. हे काम कारागिराकडून करून घेण्यासारखं नाही, कारागीर कितीही सज्जन असो.

(दृश्य : लक्ष्मी रस्ता. बँकेच्या लॉकरचं दार.)

एक पत्रा लॉकरमध्ये, दुसरा नाशिकला मुलीकडे. दोन शहरं, म्हणजे एकाच पुरात किंवा एकाच आगीत दोन्ही जाणार नाहीत. काही जण शब्दांचे बारा-बारा असे दोन भाग करून दोन ठिकाणी ठेवतात. ही युक्ती फसवी आहे. एक भाग हरवला की सगळं गेलं, आणि एक भाग चोराला मिळाला की त्याचं अर्ध्याहून अधिक काम झालं.

रक्कम खरोखर मोठी असेल तर मल्टिसिग नावाची पद्धत आहे. बँकेचा लॉकर एक किल्ली बँकेची आणि एक आपली अशा दोन किल्ल्यांनी उघडतो, तसंच काहीसं. तीन वेगळ्या किल्ल्या करायच्या आणि त्यातल्या कुठल्याही दोन लागतील असं ठरवायचं. एक हरवली तरी चालतं, एक चोरीला गेली तरी चालतं. पण प्रत्येक गुप्त किल्लीची एक उघड जोडीदार किल्ली असते, सार्वजनिक किल्ली. तिन्हींच्या सार्वजनिक किल्ल्यांची नोंद प्रत्येक ठिकाणी ठेवावी लागते, नाहीतर दोन किल्ल्या हातात असूनही वॉलेट पुन्हा उभं करता येत नाही. हे बारकावे घरातल्या दुसऱ्या माणसाला पेलणार नसतील, तर माझं मत स्पष्ट आहे : एक यंत्र, दोन पत्रे, आणि घरात बोलणं.

ते बोलणं काकांनी लिहून काढलं. एक पानाचं पत्र, मराठीत, काकूंच्या नावे. त्यात शब्द नाहीत. काय आहे, कुठे आहे, कुणाला विचारायचं, कुणाला अजिबात विचारायचं नाही. फोनवर कुणी शब्द मागितले, तर तो चोर आहे असं समजायचं, मग तो कंपनीचा माणूस म्हणवो की पोलिसांचा. सोबत खरेदीच्या पावत्या, कारण 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि त्यातून वजा होते ती फक्त खरेदीची किंमत. पावती नसेल तर वारसांना ती किंमत दाखवणं अवघड. मृत्युपत्रात या मालमत्तेचा उल्लेख केला, शब्द लिहिले नाहीत. मृत्युपत्र अनेक हातांतून जातं.

(दृश्य : कोथरूडचा फ्लॅट. खंडेनवमी. पाटावर व्हर्नियर, हातोडी, पंच, झेंडूची फुलं.)

काकांच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुसून पूजेला मांडतात. यंदा त्यांत ते बोटाएवढं यंत्रही होतं. पूजा झाल्यावर काकांनी त्यात पाचशे रुपयांचे बिटकॉइन पाठवले आणि मग मुद्दाम पिन चुकवत राहिले. ठरावीक वेळा चुकल्यावर यंत्राने स्वतःला पुसून टाकलं. मोठी रक्कम अजून आत गेलीच नव्हती. आधी ही परीक्षा, मग रक्कम.

पत्रा समोर ठेवून काकूंनी चष्मा लावला. दोन बटणं. अक्षर शोधायचं, दाबायचं. तीन-चार अक्षरं झाली की शब्द आपोआप पुरा होतो. सतराव्या शब्दाला त्या चुकल्या, मागे आल्या, पुन्हा लिहिला. चोवीसावा शब्द गेला. यंत्र थोडा वेळ थांबलं.

पाचशे रुपये परत दिसले.

काकूंनी यंत्र पुन्हा पुसायला सांगितलं. मग काकांना म्हणाल्या, “आता तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा. मी हाक मारेपर्यंत यायचं नाही.” आणि दार लोटून घेतलं.