बाइंडरमधलं पान

(दृश्य : संगणकाचा पडदा. शेअर्ड फोल्डर उघडलेला. कर्सर यादीवरून हळूहळू खाली उतरतोय.)

शुक्रवारची संध्याकाळ. सोशल मीडियावरची पोस्ट सात वाजता जायचीच आहे. मजकूर मंजूर झालाय, फोटो हातात आहे, डिझायनर रजेवर. म्हटलं तर काम पाच मिनिटांचं. तयार टेम्प्लेट उघडायचं, मजकूर बदलायचा, फाइल एक्स्पोर्ट करायची. पण यादीत जवळपास एकाच नावाच्या सात फाइली आहेत. अशा वेळी कुणीही जे करेल तेच पडद्यासमोर बसलेली ऑफिसमधली मुलगी करते. सगळ्यात शेवटी बदललेली फाइल उघडते.

ती फाइल कुणीतरी एका कार्यक्रमापुरती बदललेली होती. त्या दिवशीचा फोटो गडद, म्हणून लोगो फिका केलेला. आजचा फोटो फिका आहे आणि लोगोही फिकाच. पोस्ट जाते. पुढच्या आठवड्यात तिसरंच कुणीतरी ती पोस्ट समोर ठेवून बॅनर करतं. महिन्याभरात टीम धरून चालते की आपल्या लोगोचा रंग हाच.

यात आळस कुणीच केला नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. सगळ्यांनी घाईत, पण मनापासून काम केलं. खरी फाइल कोणती, हे सांगणारी जागाच त्यांना कुणी दिली नव्हती.

(दृश्य : जाड बाइंडर. धातूच्या कड्या टक्कन उघडतात. हात एक पान बाहेर काढतो.)

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. १९७० साली बॉब नूर्दा आणि मास्सिमो विग्नेली या डिझायनरांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी पाट्यांची नियमपुस्तिका तयार केली. १९७६ मध्ये रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांनी केलेली नासाची पुस्तिका आली. लेटरहेड, फॉर्म, गाड्या, विमानं, कुठे काय आणि कसं लावायचं ते सगळं तिच्यात होतं. या दोन्ही पुस्तिका शिवलेल्या नव्हत्या. कड्यांच्या बाइंडरमध्ये सुटी पानं होती. नियम बदलला की कड्या उघडायच्या, जुनं पान काढायचं, नवं लावायचं.

जुनं पान काढायचं, या तीन शब्दांपाशी मी थांबतो. कारण आपल्याकडे नवं पान लावलं जातं, जुनं तसंच राहतं.

(दृश्य : डिझाइनची फाइल. लोगोवर क्लिक. मूळ कॉम्पोनन्ट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा तुकडा, बदलतो, तशा बाजूच्या सगळ्या चौकटी एकामागून एक बदलतात.)

आज बाइंडरचं काम अशा तुकड्यांची सामायिक लायब्ररी करते. फिग्मा या डिझाइनच्या अॅपमध्ये लोगो, बटण, किमतीची पट्टी यांचे मूळ कॉम्पोनन्ट एका जागी ठेवता येतात. मूळ बदलून पब्लिश केलं की ते वापरणाऱ्या फाइलींमध्ये अपडेटची सूचना येते. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लोगो लिंक करून ठेवला, तर मूळ फाइल बदलल्यावर लिंक अपडेट करणं पुरतं. पण तोच लोगो कॉपी-पेस्ट केला, की मुळाशी असलेली त्याची नाळ तुटली. मग तो जिथे जिथे चिकटवलाय, तिथे तिथे कुणीतरी जाऊन बदलायला हवा. आणि कुठे कुठे चिकटवलाय, ते कुणाला आठवतंय?

आता एका टेम्प्लेटच्या आत डोकावू.

(दृश्य : मथळ्याची चौकट, अगदी जवळून.)

मथळ्याची ही चौकट इंग्रजी मजकूर टाकून तयार झाली. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.१ पट. दिसायला नेटकं. आता इथे मराठी टाकू. पहिल्या ओळीत ‘उत्कृष्ट’, बरोबर त्याच्या खाली ‘सर्वांसाठी’. बघा, वरच्या ‘कृ’ची शेपटी खालच्या रफारावर आणि अनुस्वारावर येऊन टेकली. कुणी म्हणेल, फॉन्ट लहान करा. त्याने गुंता सुटत नाही, अक्षरं फक्त लहान होतात आणि एकमेकांना तितकीच चिकटतात. अंतर १.४ च्या आसपास न्या आणि चौकट उंच करा. मजकूर कसा मावतोय बघा.

म्हणून टेम्प्लेट तयार झाल्याचं जाहीर करण्याआधी त्यात सगळ्यात अवघड मजकूर घालून पाहावा. सर्वांत लांब नाव, सर्वांत मोठी रक्कम, मात्रा-उकारांनी गच्च भरलेली ओळ. पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घालून बघावा, काळ्याचाही. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ असावा, असं वेबवरच्या सुलभतेचं प्रमाण सांगतं. ते एकदा टेम्प्लेटमध्येच सांभाळलं, की दर पोस्टला तपासण्याचं ओझं बरंच कमी होतं.

साइजचंही तसंच. १०८० × १०८० पिक्सेलची चौकोनी पोस्ट ताणून १०८० × १९२० ची स्टोरी होत नाही. स्टोरीत वरचा आणि खालचा भाग अॅपच्या बटणांखाली जातो, तिथे मजकूर ठेवून चालत नाही. छपाईसाठी चारही बाजूंना साधारण ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारी जादा कड, लागतं. प्रत्येक साइजची मांडणी वेगळी हवी, आतले तुकडे मात्र एकाच लायब्ररीतले.

(दृश्य : फोल्डरची नवी रचना. तीन कप्पे : चालू, दुरुस्तीत, निवृत्त.)

फोल्डर लावताना आपण बहुतेक वेळा वर्ष आणि महिना धरून लावतो. शोधणारा मात्र काम घेऊन येतो. त्याला ‘वेबिनारचं निमंत्रण’ हवं असतं, गेल्या ऑक्टोबरची फाइल नव्हे. म्हणून नावात आधी काम, मग माध्यम, साइज, भाषा आणि शेवटी आवृत्तीचा आकडा. आणि नावं ठरवण्याआधी टीमला विचारा, तुम्ही सर्चमध्ये काय टाइप करता? डिझायनर ज्याला ‘हिरो बॅनर’ म्हणतो, त्याला बाकी सगळे ‘वरचा मोठा फोटो’ म्हणत असतील, तर फाइल समोर असूनही सापडणार नाही.

मूळ फाइलवर सगळ्यांना फक्त बघण्याची परवानगी, वापरायला प्रत. लोगो आणि समास लॉक. मजकूर, फोटो, तारीख मोकळी. पण लॉक बेतानेच करा. सगळंच बांधून ठेवलं, तर लोक टेम्प्लेटचा स्क्रीनशॉट काढतात आणि त्याच्यावर नवा मजकूर चिकटवतात. ज्या लोकांना नियमांत ठेवायचं, तेच नियमांबाहेर पडतात.

कुणी कॉम्पोनन्ट डिटॅच केला, म्हणजे मुळापासून सोडवला, की डिझायनर वैतागतो. मी म्हणेन, आधी त्या माणसाकडे जा. त्याने का सोडवला? दुसरा लोगो शेजारी बसत नव्हता? तळटीप दोन ओळींची होती? टेम्प्लेट कुठे कमी पडलं, हे त्याच्याइतकं नेमकं कुणीच सांगणार नाही.

आणि हे सगळं एका नावावर असावं लागतं. ‘टीम बघेल’ म्हटलं की कुणीच बघत नाही. ज्याच्याकडे ही जबाबदारी, त्याला तिच्यासाठी वेळही द्यायला हवा. तीन महिन्यांतून एकदा तो बसतो. वापरात नसलेली टेम्प्लेट्स ‘निवृत्त’मध्ये हलवतो, आतल्या फोटोंच्या आणि फॉन्टच्या परवान्यांची मुदत तपासतो, बदलाची एक ओळ तारखेसह लिहून ठेवतो. या कामाला टाळ्या पडत नाहीत. नवी पोस्ट सगळ्यांना दिसते, काढून टाकलेली चाळीस टेम्प्लेट्स कुणालाच दिसत नाहीत.

(दृश्य : पुन्हा शुक्रवार. तोच पडदा. यादीत एकच फाइल.)

ती ‘कार्यशाळा’ टाइप करते. एक फाइल येते, शेजारी आवृत्ती ४, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि गेल्या महिन्याची तारीख. प्रत काढते. मथळा दोन ओळींत बसत नाही, तिसरी ओळ तारखेवर जाते. ती मजकूर लहान करत नाही, एक शब्द गाळते आणि कमेंटमध्ये लिहिते, ‘तीन ओळींची सोय हवी.’ पोस्ट सातला जाते.

(दृश्य : सोमवार सकाळ. यादीत आवृत्ती ५. आवृत्ती ४ ‘निवृत्त’ कप्प्यात सरकते. बाइंडरच्या कड्या मिटल्याचा आवाज.)