जुनी पायपेटी घेताना आधी हवा, मग सूर

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, बाहेरच्या फलकावर आजचा विषय लिहिलाय: 'पहिली जुनी पायपेटी: तपासणी आणि किंमत'. किमतीकडे शेवटी येतो. पायपेटी म्हणजे काय हे सांगलीकरांना सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे मराठी नाटक उभं केलं आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १८४२ मध्ये, पॅरिसला अलेक्झांद्र दबॅं यानं 'हार्मोनियम' या नावानं पेटंट घेतलं. पुढे नाटक आणि हार्मोनियम यांची गाठ पडली आणि आपलं नाट्यसंगीत पायपेटीवर पोसलं गेलं. हातपेटीत डावा हात भात्याला बांधलेला असतो. पायपेटीत दोन्ही हात मोकळे, आणि वाऱ्याचा जोर पायाखालच्या पॅडलवर. नाट्यपदाला साथ करायला बसणाऱ्या तरुणाला ती हवीशी वाटते, यात नवल नाही. नवी सहज मिळत नाही, म्हणून जुनीच शोधावी लागते.

आता मार्केट यार्डात जा. हळद घेणारा व्यापारी वरचा पिवळेपणा बघून भाव बोलत नाही. कांडी कटकन मोडतो आणि आतला रंग बघतो. पेटी घेणारे मात्र पॉलिशवर भाळतात! फ्रेंच पॉलिशचे चार हात दिले की शंभर वर्षांची पेटी नवरीसारखी दिसते. आतला भाता तसाच फाटका राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही रीड विकत घेताय, लाकूड नाही. रीड म्हणजे हवेनं थरथरून सूर काढणारी पितळी पत्ती. ती नीट राहिली तर शंभर वर्षं वाजते. भात्याचं कापड आणि कातडं तेवढं टिकत नाही, ते बदलावं लागतं आणि बदलता येतं. रीड गेली की तशीच दुसरी मिळणं कठीण. भाता गळका पण रीड निरोगी, अशी पेटी खुशाल घ्या. उलट असेल तर नमस्कार करून उठा.

पाहायला जाताना बॅटरी, मऊ ब्रश, स्क्रूड्रायव्हर, पातळ कागदाची पट्टी आणि मोबाईलवर सूर मोजणारं ॲप एवढं जवळ ठेवा. पहिला प्रश्न: पेटी हवा बाहेर फेकणारी आहे की आत ओढणारी? आपण दोन्हींना पायपेटी म्हणतो, काही जण दोन्हींना ऑर्गनही म्हणतात. फ्रेंच घडणीच्या हार्मोनियममध्ये भाता हवा दाबून रीडमधून बाहेर काढतो, अमेरिकन घडणीच्या ऑर्गनमध्ये आत ओढतो. वरची फळी काढा, पेटीची एक पट्टी दाबून पॅडल मारा आणि रीडच्या बाजूला कागद धरा. फडफडून दूर गेला तर दाबाची पेटी, आत खेचला गेला तर ओढीची. उदबत्ती धरू नका, आत वाळलेलं लाकूड आणि फेल्ट असतं. हा फरक दुरुस्तीत कामाला येतो. ओढीच्या ऑर्गनमधली रीड आकड्यानं घरातून ओढून काढता येते आणि साफ करून परत बसवता येते. दाबाच्या पेटीत रीड स्क्रूनं बसवलेली असते, काम जास्त.

मग भाता. पट्ट्यांच्या वर ओढायच्या खुंट्या असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. 'एक्सप्रेशन'चा स्टॉप असेल तर आत ढकला, कारण तो ओढलेला असला की मधला साठ्याचा भाता कामातून बाजूला होतो आणि तपासणी फसते. आठ-दहा वेळा पॅडल मारा, पाय उचला, मनात वीसपर्यंत मोजा आणि मग एक पट्टी दाबा. अजून सूर निघाला तर भाता चांगला. पाचाच्या आतच हवा संपली तर घड्या बॅटरीनं बघा. कापड कोपऱ्यांत आणि घडीच्या रेषेवर आधी चिरतं. तिथे रेक्झिन चिकटवलेलं दिसलं तर तेही घडीवर चिरणार हे धरून चाला. आणि फेव्हिकॉल! जुने कारागीर सरस, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा चिकट पदार्थ, वापरत, कारण ऊब आणि ओल दिली की तो सुटतो आणि पुढच्या माणसाला भाता उघडता येतो. फेव्हिकॉल तसा सुटत नाही, लाकडाचा पापुद्रा घेऊनच निघतो.

आता ज्या गोष्टीनं जीव तळमळतो ती सांगतो. घड्याळ दिसतंय मला, पण हे राहून चालणार नाही. रीड घासणं. रीडची पत्ती टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. विद्या इतकी सोपी आहे, म्हणून कानस हातात असलेला कुणीही करतो. घासलेलं पितळ परत येत नाही.

उदाहरण घ्या. गायक काळी चारमध्ये गातो, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी हा त्याचा षड्ज. त्याचा शुद्ध गंधार येतो पांढरी एकवर. पेटीचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो आणि कानाला गोड लागणारा, पाचास चार प्रमाणातला गंधार ३८६ सेंटवर. म्हणजे अर्धस्वराचे शंभर भाग केले तर पेटी चौदा भाग चढी. गायक म्हणतो, गंधार टोचतो. कुणीतरी पांढरी एकची पत्ती बुडाशी घासून चौदा भाग उतरवतो. काळी चारला स्वर्ग! दुसऱ्या दिवशी पांढरी एकमध्ये गाणारा येतो आणि त्याचा षड्जच चौदा भाग उतरलेला. मग ती टोकाशी घासायची. आठवड्याला एक गायक धरला तर त्या पत्तीचं काय होईल? वाजताना पत्तीवर सगळ्यात जास्त ताण बुडाशीच येतो. तिथेच पातळ केली की तिथेच बारीक चीर पडते. सूर एकाएकी पडतो आणि थोड्या दिवसांत पत्ती तुटते. म्हणून प्रत्येक पत्तीच्या बुडाशी बॅटरी मारा. मूळ कारागिराच्या रेघा बारीक आणि सारख्या असतात, नंतरचे ओरखडे खोल आणि वाकडे.

याच घासण्याचा दुसरा प्रकार म्हणजे सगळी पेटी ४४० ला, म्हणजे सुराच्या आजच्या मापाला (मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनं), आणणं. फ्रान्सनं १८५९ साली ४३५ हे माप ठरवलं, म्हणून त्या मापाची पेटी आजच्यापेक्षा वीस सेंट उतरलेली असते. जुनं इंग्लिश माप ४५२ च्या आसपासचं, ती पेटी सत्तेचाळीस सेंट चढी. ॲपवर सगळे सूर सारखेच वर किंवा खाली दिसले तर तो दोष नव्हे, तिचं मूळ माप आहे. तिला तसंच राहू द्या. तबला आणि तानपुरा तिच्याशी मिळवता येतात. फक्त बासरीवाल्याला आधी सांगून ठेवा. एखाददुसरा सूर एकटाच घसरलेला असेल तर मात्र शंका घ्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. भराभर सांगतो.

एकेका स्टॉपनं रीडचा एकेक संच उघडतो. विकणारा सगळे स्टॉप उघडून द्रुत लयीत वाजवून दाखवतो, कारण एका संचातली मुकी रीड दुसऱ्या संचाच्या आवाजात लपते. तुम्ही एकेक स्टॉप उघडून एकेक पट्टी वाजवा. ६१ पट्ट्या आणि दोन संच म्हणजे १२२ रीड, वहीत लिहीत जा. मुकी असेल तर बहुधा कचरा अडकलाय, ब्रशनं निघतो. खरखरत असेल तर पत्ती चौकटीला घासतेय. पट्टी न दाबता वाजत असेल तर खालचं कातडं कडक झालंय, स्प्रिंग गेलीय किंवा पट्टी पावसाळ्यात फुगलीय. हे तिन्ही दुरुस्त होतं. चीर गेलेली रीड तेवढी वेगळी मोजा.

पुराची पेटी ओळखायला शिका. २००५, २०१९, २०२१, पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीवर कान ठेवून बसलेली माणसं आहोत आपण. पाण्यात राहिलेल्या पेटीच्या पायांवर पॉलिशखालीही रेघ राहते, स्क्रूच्या खाचांत गाळ सापडतो, रीडवर हिरवट थर येतो आणि सरसाचे सांधे सुटतात. लाकडात टाचणीएवढी भोकं असतील आणि खाली ताजी फिकट भुकटी पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे, घरच्या सागवानी कपाटाशेजारी ती पेटी नेऊ नका. भात्यात उंदराचं घर असेल तर वासावरून कळतं.

किंमत. विकणाऱ्याचा आकडा ऐकण्याआधी भाता नव्यानं बांधायला किती लागतील ते दुरुस्ती करणाऱ्याला विचारून ठेवा. तेवढे वजा करा. चिरलेल्या रीड चारपर्यंत असतील तर प्रत्येकीमागे आणखी कमी करा, त्यापेक्षा जास्त असतील तर बोलणीच करू नका. पॉलिश आणि 'आजोबांची आठवण' यांचे पैसे देऊ नका. आठवण त्यांच्याकडेच राहू द्या, ती त्यांचीच आहे.

आणताना भाता रिकामा, झाकण बंद, पेटी उभीच ठेवायची, आडवी नाही. टेम्पोत खाली गादी आणि बाजूंना दोर. पावसाळ्यात आणू नका. घरी आली की बाहेरच्या भिंतीला न लावता आठवडाभर तशीच ठेवा, आणि मग पहिला स्क्रू काढा.