वॉन्ड्सवर्थ 2022: 44 वर्षांनी फिरलेला निकाल

(थेम्स नदीवरून ड्रोन शॉट, बॅटरसी पॉवर स्टेशनच्या चार पांढऱ्या चिमण्या)

ह्या चार चिमण्या तुम्ही कुठे ना कुठे पाहिल्या असणारच. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर हे बॅटरसी, आणि बॅटरसी, पटनी, टूटिंग, बॅलम, रोहॅम्प्टन असं सगळं मिळून जो बरो होतो तो वॉन्ड्सवर्थ. वस्ती सव्वातीन लाखांच्या आसपास. लंडनमध्ये असे 32 बरो आहेत, प्रत्येकाची स्वतःची कौन्सिल, कचरा, रस्ते, लायब्ररी, बागा, कौन्सिलची घरं, म्हाताऱ्या माणसांची देखभाल हे सगळं तिच्याकडे. 5 मे 2022, गुरुवार, ह्या 32 च्या 32 बरोंची एकदम निवडणूक झाली, पण त्या रात्री राजकारणात जरा जरी रस असलेले लोक जागे राहिले ते वॉन्ड्सवर्थसाठी, कारण इथे 1978 पासून कन्झर्व्हेटिव्ह पक्षाची सत्ता होती, सलग 44 वर्षं, आणि ती जाईल असं दरवेळी म्हणायचे आणि जायची नाही.

का जायची नाही? एका शब्दात सांगायचं तर टॅक्स.

वॉन्ड्सवर्थ म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान मार्गारेट थॅचर, त्या थॅचरबाईंची लाडकी कौन्सिल. देशभर कौन्सिलची घरं भाडेकरूंना विकायचा कायदा 1980 मध्ये आला, वॉन्ड्सवर्थने त्याच्या आधीच विकायला सुरुवात केली होती. कचरा उचलायचं काम खाजगी कंपन्यांना दिलं, खर्च कमी केला आणि त्या जोरावर कर एकदम खाली ठेवला. 1986 मध्ये इथे कन्झर्व्हेटिव्हना 31 आणि विरोधातल्या लेबर पक्षाला 30 सीटा मिळाल्या, म्हणजे अक्षरशः एका सीटवर सत्ता राहिली. मग आला 1990, पोल टॅक्सचं, म्हणजे माणसामागे सारख्याच कराचं वर्ष, सगळ्या देशात लोक रस्त्यावर उतरलेले, थॅचरबाईंचा पक्ष बाकी ठिकाणी मार खातोय, आणि वॉन्ड्सवर्थने काय केलं तर माणशी पोल टॅक्स ठेवला फक्त 148 पौंड. निकाल लागला 48 विरुद्ध 13. पुढे तर त्यांनी तो टॅक्स शून्यावर आणला. तेव्हापासून इथल्या माणसाच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलं, लेबर आली की टॅक्स वाढणार. त्यात चूक-बरोबर काहीही असो, ही भीती खरी होती आणि तिच्यावर तीन पिढ्यांनी मतदान केलं.

(टूटिंग हाय स्ट्रीट, बस, फळांची दुकानं, डोशाची हॉटेलं)

पण ह्या काळात बरो बदलत होता. घरभाडी वाढली, नवीन तरुण लोक आले, बरेचसे भाड्याने राहणारे. 2016 च्या ब्रेक्झिटच्या मतदानात इथल्या 75 टक्के लोकांनी युरोपात राहायचं म्हणून मत दिलं. 2019 च्या पार्लमेंट निवडणुकीत लेबर देशभर साफ झोपली, तरी पटनीची सीट त्यांनी नव्याने जिंकली आणि बॅटरसी, टूटिंग धरून बरोचे तिन्ही खासदार लेबरचे झाले. म्हणजे वर खासदार सगळे लाल आणि खाली टाऊन हॉल मात्र निळा.

आता 2018 चं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय 2022 कळणार नाही. 2018 मध्ये ह्याच बरोत मतांची बेरीज केली तर लेबर कन्झर्व्हेटिव्हच्या किंचित पुढे होती. तरी सीटा किती, तर कन्झर्व्हेटिव्ह 33 आणि लेबर 26. हे कसं होतं बघा. एका वॉर्डातून दोन किंवा तीन नगरसेवक निवडायचे असतात, जेवढ्या जागा तेवढी मतं तुमच्या हातात, आणि ज्यांना सगळ्यात जास्त मतं तेच निवडून. आपल्याकडे पुण्यात किंवा नाशिकला पॅनल पद्धत आहे ना, तिथे अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या आणि प्रत्येक जागेची लढत वेगळी, इथे तसं नाही, सगळे उमेदवार एकाच यादीत आणि वरचे तीन जिंकले. त्यामुळे ज्या पक्षाची वॉर्डात थोडीशी सरशी असते तो बहुतेक वेळा तिन्ही जागा घेऊन जातो. लेबरची मतं फर्झडाऊन, ग्रेव्हनी अशा टूटिंगच्या बाजूच्या वॉर्डांत ढिगाने पडत होती, गरजेपेक्षा कितीतरी जास्त, आणि बाकी ठिकाणी थोडक्यात हरत होते.

म्हणून 2022 ला लढाई होती ती त्या काठावरच्या वॉर्डांत. नवीन सीमा आखल्या होत्या, 22 वॉर्ड, 58 जागा. कन्झर्व्हेटिव्हचे लीडर रवि गोविंदिया 2011 पासून खुर्चीवर, त्यांनी निवडणुकीच्या तोंडावर कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) 1 टक्का आणखी कमी केला. आणि लेबरने काय केलं, तर त्या टॅक्सवर वादच घातला नाही, आम्ही पण तुमचा कमी टॅक्स तसाच ठेवू असं लेखी वचन दारोदार वाटलं. माझ्या मते निवडणूक इथे जिंकली गेली. नंतर सगळ्या बातम्यांत लॉकडाऊनमधल्या पंतप्रधान निवासातल्या पार्ट्या, बोरिस जॉन्सन, महागाई हेच चाललं होतं, आणि त्याचा परिणाम झालाच, लोक चिडलेले होते. पण चीड देशभर होती. वॉन्ड्सवर्थच्या माणसाला 44 वर्षांची भीती बाजूला ठेवता आली ती त्या वचनामुळे.

(टाऊन हॉलमधली मतमोजणी, लांब टेबलं, कागदाचे गठ्ठे)

मतमोजणी बघण्यासारखी असते हो. ईव्हीएम नाही, बोटाला शाई नाही, कागदावर पेन्सिलीने फुली मारायची एवढंच. रात्री दहाला मतदान संपलं की पेट्या आल्या, आधी नुसते कागद मोजून हिशोब जुळवायचा, मग ज्यांनी तिन्ही मतं एकाच पक्षाला दिलीत त्यांचे वेगळे गठ्ठे, आणि ज्यांनी एक इकडे दोन तिकडे केलीत ते कागद बाजूला काढून एकेक मत मोजायचं, ह्याला फार वेळ लागतो. पक्षांचे एजंट टेबलाच्या पलीकडून वाकून वाकून बघतात, हात लावायला परवानगी नाही, वहीत नुसत्या रेघा मारत राहायचं. चांगल्या एजंटला निकालाच्या दोन तास आधी कळतं वॉर्ड कुठे चाललाय.

पहाटे चित्र स्पष्ट झालं. लेबर 35, कन्झर्व्हेटिव्ह 22, आणि एक अपक्ष, वेस्ट हिलचे माल्कम ग्रिमस्टन, हे पूर्वी कन्झर्व्हेटिव्हच होते. सायमन हॉग नवे लीडर झाले. त्याच निवडणुकीत वेस्टमिन्स्टर आणि बार्नेटही लेबरकडे गेले, वेस्टमिन्स्टर तर 1964 मध्ये ती कौन्सिल बनल्यापासून पहिल्यांदा. पण सगळं लंडन एका बाजूला गेलं असं समजू नका, कारण भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेला हॅरो नेमका उलटा गेला, तिथे लेबरची सत्ता गेली आणि कन्झर्व्हेटिव्ह 31 विरुद्ध 24 ने आले. एकाच गुरुवारी. म्हणून नुसत्या पक्षाच्या नॅशनल हवेवर लोकल निकाल वाचू नये असं मला मनापासून वाटतं.

आता इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी, आणि हे खूप जणांना माहीतच नसतं. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असला, ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं नसलं, वर्क व्हिसावर असा किंवा स्टुडंट व्हिसावर, तरी तुम्हाला मत देता येतं, कौन्सिलला पण आणि पार्लमेंटला पण. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे म्हणून हा हक्क आहे. वॉर्डचे निकाल कधी कधी शेदोनशे मतांवर फिरतात, आणि एकेका वॉर्डात आपली तेवढी माणसं सहज असतात. नाव सरकारी वेबसाइटवर नोंदवायचं, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा, आणि मतदानाच्या आधी कामकाजाचे 12 दिवस शिल्लक असतानाच करा, त्यानंतर चालत नाही. 2023 पासून मतदानाला फोटो आयडी लागतो, तर त्याला तुमचा भारतीय पासपोर्ट चालतो.