आई, काका आणि एकुलता एक के

(न्यूझीलंडला, वेलिंग्टनच्या मेळाव्यात जेवणाआधी केलेलं भाषण, आडवंतिडवं गाळून)

नमस्कार मंडळी, मला दहा मिनिटं दिलीयत आणि मागे बटाटेवडे तळायला घेतलेत, वास येतोयच, तेव्हा लांबण लावत नाही.

आमच्याकडे रविवारी स्क्रॅबल असतं, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या बोर्डावर लावून शब्द करायचा खेळ, मी आणि नातू. मध्ये एकदा माझ्याकडे सात सोंगट्यांत पाच स्वर आले, खेळणाऱ्यांना माहितीय असा हात आला की कपाळच धरावंसं वाटतं, तर मी गुपचूप ए आणि आय लावून टाकले. नातू ओरडला, आज्जी चीटिंग, एआय हा शॉर्टफॉर्म आहे, चालत नाही! म्हटलं बघ डिक्शनरीत. बघतो तर आहे, आणि उच्चार काय, तर आ-ई! दक्षिण अमेरिकेतला तीन नख्यांचा स्लॉथ, त्याच्या ओरडण्यावरून तिथल्या तुपी भाषेत पडलेलं नाव, पोर्तुगीजांकडून इंग्रजीत आलं. हा प्राणी जन्मभर झाडाला उलटा लटकतो, इतका संथ की अंगावर शेवाळ धरतं, आणि आठवड्यातून एकदा खाली उतरतो तेही परसाकडे जायला. माझी आई पहाटे पाचला उठून बंब पेटवायची हो, दुपारी आडवी झालेली मी कधी पाहिली नाही, आणि तिच्या नावावर हे! पॉइंट्सही दोनच.

मग नादच लागला, सगळं गणगोत डिक्शनरीत शोधायचा. आईच्या आधी टी लावला की ताई, तो जपानी मासा, तिकडे सणासमारंभाला मानाने ताटात येतो. दादा म्हणजे 1916 साली झुरिकमध्ये सुरू झालेली कवी-चित्रकारांची चळवळ, मुद्दाम वेडेपणा करायची (आमच्या दादाला बरोब्बर लागू). अण्णा म्हणजे आपला आणा, सोळांचा रुपया, 1957 साली नवे पैसे आले नि तो गेला, पण बोर्डावर अजून चालतो, चार पॉइंट्स.

खरी गंमत पुरुषांची झालीय. मामा म्हणजे आई. नाना म्हणजे आजी, इथल्या किवी पोरांची एकतरी नाना असतेच. बाबा म्हणजे रममध्ये भिजवलेला केक, पण नाव पोलिश, आणि पोलिशमध्ये बाबा म्हणजे म्हातारी बाई. हे मी आमच्या ह्यांना मुद्दाम दोनदा सांगितलं.

काका तर तुमच्या ओळखीचेच, पोपट! 2002 मध्ये झीलँडियात, इथल्या अभयारण्यात, आणून सोडले, आता गावभर हिंडतात आणि रसासाठी झाडांची सालं सोलून ठेवतात, आमच्या शेजाऱ्यांचं प्लमचं झाड पार ओरबाडलंय, पण काका म्हटल्यावर रागावणार कसं. काकी म्हणजे डिक्शनरीत जपानी पर्सिमन, पण माओरीत काकी हासुद्धा पक्षीच, काळा शेकाट्या, लाल लांब पायांचा, साऊथ आयलंडला मॅकेन्झीच्या बाजूला. 1981 मध्ये फक्त 23 उरले होते, अंडी उबवून, पिल्लं वाढवून जगवलाय.

आता अडचण ऐका. स्क्रॅबलच्या सेटमध्ये के एकच असतो. आल्फ्रेड बट्स नावाचा न्यूयॉर्कचा आर्किटेक्ट, 1930च्या मंदीत नोकरी गेलेला, त्याने पेपरातली अक्षरं मोजून सोंगट्या ठरवल्या, त्याला बिचाऱ्याला काका-काकी कुठले माहीत. त्यामुळे काका लावायचे तर एक के आणि एक ब्लँक, म्हणजे कुठल्याही अक्षराऐवजी चालणारी कोरी सोंगटी, सेटमध्ये दोनच असतात. आणि दोघं एका बोर्डावर हवे असतील तर दोन्ही ब्लँक खर्च करायचे आणि एक के दोघांनी वाटून घ्यायचा, आडव्या-उभ्यात. संसारच की तो.

आपल्या क्राइस्टचर्चच्या नायजेल रिचर्ड्सने 2015 साली फ्रेंच येत नसताना नुसती डिक्शनरी पाठ करून फ्रेंच स्क्रॅबलची स्पर्धा जिंकली. ग्रेटच आहे, पण मला नाही जमणार बाई, मला शब्द दिसला की तो कुणाचा कोण ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.

तर जेवणानंतर मागच्या टेबलांवर तीन सेट मांडलेत, नक्की या. खिडकीजवळच्या सेटमधला के मात्र कधीचा हरवलाय, तिथे काका एका ब्लँकवर भागणार नाहीत, तेव्हा सगळ्या काकांनी दुसरं टेबल धरा.