अडथळा किती, आणि अडथळा कसला

गोष्ट कॅनडातल्या मॉन्ट्रियलची. मिलर फिशर नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ अर्धांगवायू झालेल्या एका माणसाची विचारपूस करत होते. तो सहज म्हणाला, झटका येण्याआधी एका डोळ्यापुढे थोडा वेळ अंधारी आली होती. पण तो डोळा लुळ्या पडलेल्या बाजूचा नव्हता, दुसऱ्या बाजूचा होता.

फिशर तिथेच थबकले. शरीराची डावी बाजू मेंदूचा उजवा भाग चालवतो. उजव्या डोळ्याला आणि मेंदूच्या उजव्या भागाला मात्र रक्त एकाच वाटेने येतं, मानेतल्या कॅरोटिड धमनीतून. मग दुखणं मेंदूत सुरू झालंच नसेल तर? त्या काळी शवविच्छेदनात मानेतल्या धमन्या सहसा कोणी उघडून बघत नसे. फिशर यांनी बघितल्या. १९५१ साली त्यांनी आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली, आणि मेंदूच्या झटक्याचं एक मूळ मानेत सापडलं.

(दृश्य: स्वतःच्या मानेवर ठेवलेली दोन बोटं.)

स्वरयंत्राच्या बाजूला हलकेच बोटं टेकली की ठोका लागतो. एकाच बाजूला टेकवा. दोन्ही बाजू एकदम कधीच दाबू नका. जबड्याच्या खाली ही धमनी दुभंगते, एक फांदी चेहऱ्याकडे आणि एक मेंदूकडे. नदीला फाटा फुटतो तिथे काठाचं पाणी मंदावतं, गोल फिरतं आणि गाळ धरतं. इथेही तसंच होतं. फक्त हा गाळ चरबीचा असतो, आणि तो भिंतीवर नाही, भिंतीच्या आत साचतो.

आपल्याकडे रिपोर्ट हातात आला की घरातला प्रत्येक जण एकच विचारतो, ‘ब्लॉकेज किती टक्के?’ या प्रश्नाला भक्कम आधार आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या चाचणीचे निकाल १९९१ साली आले. ज्यांना झटका किंवा झटक्याची पूर्वसूचना येऊन गेली होती आणि ज्यांची धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद होती, अशा रुग्णांपैकी फक्त औषधांवर असलेल्या २६ टक्के लोकांना दोन वर्षांत मेंदूच्या त्याच, अरुंद धमनीच्या बाजूला झटका आला. शस्त्रक्रियेने धमनी साफ केलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. आजही अशा रुग्णासाठी पहिले दोन आठवडे फार मोलाचे असतात. डोळ्यापुढे पडदा आला, हातातून कप निसटला, जीभ अडखळली आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ‘उन्हाने झालं असेल’ म्हणत घरी थांबायचं नाही.

पण हा टक्का येतो कुठून? मानेची डॉपलर सोनोग्राफी अरुंदपणा थेट मोजतेच असं नाही, ती रक्ताचा वेग मोजते. पाइपचं तोंड दाबलं की पाणी जोरात उडतं, तेच इथे. वेग सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वर गेला की अडथळा ७० टक्के किंवा जास्त धरतात. अँजिओग्राफीत रुंदी दिसते, पण तिची तुलना कशाशी करायची? अमेरिकी पद्धत वरच्या निरोगी भागाशी करते, जुनी युरोपीय पद्धत त्याच जागेच्या मूळ रुंदीच्या अंदाजाशी. त्यामुळे त्याच धमनीचा युरोपीय आकडा मोठा येतो. रुग्ण तोच, धमनी तीच, टक्के दोन.

खरी कसोटी लागते ती धमनी अरुंद असूनही लक्षणं नसलेल्या माणसाची. १९९५ च्या एका अमेरिकी चाचणीत अशा लोकांचा पाच वर्षांचा झटक्याचा धोका शस्त्रक्रियेने सुमारे ११ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे शंभर जणांच्या माना उघडल्या तेव्हा सहा जणांचा झटका टळला. उरलेल्यांनी शस्त्रक्रियेची जोखीम घेतली ती कशासाठी? ते सहा जण आधीच ओळखता आले असते तर!

त्यांना शोधायचं तर वाट किती अरुंद आहे एवढंच बघून भागत नाही, भिंतीत काय आहे ते बघावं लागतं.

(दृश्य: मानेच्या एमआरआयचे आडवे छेद. धमनीच्या काळ्या वर्तुळालगत एक लख्ख पांढरा ठिपका.)

हा पांढरा ठिपका म्हणजे रक्त, आणि तेही धमनीच्या पोकळीतलं नव्हे, भिंतीतल्या गाळातलं. गाळ वाढला की त्याला पोसायला बारीक, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या गळतात. सांडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन बदलून मेथहिमोग्लोबिन होतं आणि ठरावीक प्रकारच्या एमआरआयमध्ये ते चमकतं. लाल पेशींच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल त्या गाळात आणखी भर घालतं. वरचं तंतुमय कवच पातळ होत होत एक दिवस फाटतं. मग आतला मऊ ऐवज रक्ताला लागतो, तिथे गुठळी धरते आणि तिचा तुकडा वर मेंदूत जातो.

२०१३ साली आधीच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. हा रक्तस्राव दिसलेल्यांना पुढे झटका किंवा पूर्वसूचना येण्याचा धोका सुमारे साडेचार पट होता. मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. असा ठिपका पन्नास टक्क्यांहून कमी अडथळ्यातही सापडतो, ‘झटक्याचं कारण कळलं नाही’ असा शेरा मिळालेल्या माणसांच्या मानेत. सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूला फुगते, म्हणून वाट मोकळीच दिसते.

भारतीयांत कवटीच्या आतल्या धमन्यांचे अडथळेही बरेच आढळतात. म्हणून सीटी अँजिओग्राफी छातीपासून डोक्यापर्यंत काढली तर जास्त कळतं. मानेपाशी थांबणं इथे पुरत नाही.

आणखी एक तपासणी आहे, तिच्यात बघण्याइतकंच ऐकावं लागतं. कानशिलावर डॉपलरचा प्रोब बांधायचा आणि तासभर मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकायचा. मानेतल्या गाळावरून एखादा सूक्ष्म कण सुटला की त्या संथ सूसूमध्ये पक्ष्यासारखी छोटी चिवचिव उमटते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात धमनी किमान ७० टक्के अरुंद असलेले, पण लक्षणं नसलेले ४६७ जण तपासले गेले. ७७ जणांत हा आवाज सापडला. त्यांच्यात त्या बाजूच्या झटक्याचं प्रमाण वर्षाला ३.६ टक्के होतं, बाकीच्यांत ०.७ टक्के.

(दृश्य: अंधारी खोली. पडद्यावर सरकणाऱ्या लहरी. एकच आवाज.)

सू… सू… सू… चिक्.

टेबलावर पडलेल्या माणसाला यातलं काहीच जाणवलेलं नाही. तंत्रज्ञाने वेळ टिपून ठेवली आहे.